शुभंकर : मनोरुग्णांचे घरचे एकमेकांचे शिक्षक कसे झाले

१/
घुग्घुसहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. वर्धा नदीकाठच्या या कोळशाच्या गावातून, किंबहुना साऱ्या जुन्या चांदा जिल्ह्यातून, घरातल्या माणसाचे 'डोके फिरले' आणि देवऋषी, उतारे, नवस सारे करून झाले, की शेवटचा रस्ता नागपूरकडे जात असे. तिथल्या मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला लोक आजही 'पागलखाना चौक' म्हणतात. हे रुग्णालय १८६४ सालचे. मध्य प्रांत अस्तित्वात येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. त्या भिंतींच्या आत गेलेल्यांविषयी थोडेबहुत लिहिले गेले आहे. हा थ्रेड फाटकाबाहेर उरलेल्यांविषयी आहे : आईबाप, बायको, नवरा, भाऊ, बहीण.

२/
वसाहतकालीन कायद्याला कुटुंब दिसत होते, पण एकाच रूपात. १८५८ च्या कायद्याने वेड्यांच्या इस्पितळांची चौकट आखली आणि १९१२ च्या 'इंडियन लुनसी ॲक्ट'ने ती पक्की केली. या दुसऱ्या कायद्यानुसार नवरा, बायको किंवा अन्य नातलगाने दंडाधिकाऱ्यापुढे अर्ज करायचा, सोबत दोन वैद्यकीय दाखले जोडायचे, मग आदेश निघायचा. म्हणजे कुटुंब हे 'अर्जदार'. अर्ज मंजूर झाला की त्याची भूमिका संपली. रुग्णाला काय झाले आहे, तो परत आला तर त्याच्याशी कसे वागायचे, हे अर्जदाराला सांगण्याची तरतूद कोणत्याच कलमात नव्हती. १९२० च्या सुमारास 'ल्युनॅटिक असायलम' ही पाटी उतरून 'मेंटल हॉस्पिटल' ही पाटी चढली. पाटीखालच्या फाटकातून घरच्यांना आत घेण्याची कल्पना मात्र अजून कोणाला सुचली नव्हती.

३/
ती सुचली अमृतसरला, १९५० च्या दशकात. तिथल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्या सागर यांच्यापुढे अडचण साधी होती : रुग्ण फार, माणसे थोडी. त्यांनी सैन्याकडून तंबू मिळवले, ते रुग्णालयाच्या आवारात ठोकले आणि नातलगांना रुग्णासोबत तिथेच राहायला बोलावले. नातलग रुग्णाची काळजी घेत आणि डॉक्टर सर्वांना एकत्र बसवून आजाराविषयी बोलत. बरा होऊन चाललेला रुग्ण आणि नुकताच दाखल झालेल्याचा बाप एकाच घोळक्यात बसलेले असत. 'हे बरे होऊ शकते' हे वाक्य डॉक्टरने सांगणे वेगळे आणि महिनाभरापूर्वी तसाच आरडाओरडा करणाऱ्या माणसाला शांतपणे जेवताना पाहणे वेगळे. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रातही रुग्णासोबत घरच्यांनी राहण्याची पद्धत रुजली.

४/
हा प्रयोग टंचाईतून जन्मला, हे विसरता येत नाही. पण नेमक्या त्याच काळात, पैशाची वा माणसांची तशी टंचाई नसलेल्या पश्चिमेत, कुटुंबाचे काय चालले होते? तिथे कुटुंब आरोपीच्या पिंजऱ्यात होते.

५/
१९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमन या मनोविश्लेषक विदुषीने स्किझोफ्रेनिया निर्माण करणाऱ्या आईची कल्पना मांडली. थंड, पण हुकमत गाजवणारी आई मुलाला या आजारात ढकलते, असा तिचा आशय. पुढची दोन-तीन दशके अमेरिकेतील कित्येक डॉक्टर आईबापांकडे त्याच नजरेने पाहत राहिले. मुलगा आजारी, आणि कारण म्हणून बोट आपल्याकडे! पुराव्याच्या कसोटीवर ही कल्पना टिकली नाही. परंतु तिने केलेली जखम खोल होती आणि पुढे पालकांच्या संघटना ज्या त्वेषाने उभ्या राहिल्या त्याचे एक कारण या जखमेत आहे.

६/
लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन हा समाजशास्त्रज्ञ वेगळ्या वाटेने कुटुंबापर्यंत पोहोचला. रुग्णालयातून घरी गेलेले पुरुष पुन्हा आजारी का पडतात, हे तो पाहत होता. त्याला आढळले की आईबापांकडे किंवा बायकोकडे परतलेले रुग्ण, भाड्याच्या खोलीत वा भावंडांकडे राहणाऱ्यांपेक्षा अधिक वेळा पुन्हा बिघडतात. प्रेम कमी पडत होते असे नव्हे. सततची टीका, चिडचिड आणि अतिकाळजीचा वेढा हे कारण होते. याला पुढे 'व्यक्त भावना' असे नाव मिळाले. १९७० आणि ८० च्या दशकांत ज्युलियन लेफ, क्रिस्टीन वॉन आणि इतरांनी हे सूत्र पुढे नेले.

७/
इथे बारकाईने पाहायला हवे, कारण वरवर पाहता हा जुनाच आरोप नव्या शब्दांत केल्यासारखा वाटतो. तसे नाही. फ्रॉम-राइखमनच्या मते आईमुळे आजार *होतो*. ब्राउनच्या मते आजार आधीपासूनच आहे, घरातील वातावरणामुळे तो *उलटतो* किंवा *आवरतो*. पहिल्या विधानावर आईने करण्यासारखे काही उरत नाही, अपराधी वाटून घेण्याखेरीज. दुसऱ्या विधानातून एक अभ्यासक्रम निघतो. मुलगा दिवसभर पडून राहतो, आंघोळ करत नाही, बोलत नाही, हा आळस नसून आजाराचाच भाग आहे, हे आईला कळले तर तिची रोजची टोचणी थांबू शकते. औषध बंद केल्यावर पुढचा झटका कसा येतो, त्याआधी झोप कशी उडते, संशय कसा वाढतो, हे बापाला कळले तर तो वेळीच डॉक्टर गाठू शकतो. 'सायकोएज्युकेशन' म्हणजे मानसशिक्षण ही संज्ञा १९८० च्या सुमारास पिट्सबर्गच्या कॅरोल अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे कुटुंबांच्या संदर्भात रूढ झाली. तिचा गाभा इतकाच आहे.

८/
डॉक्टरांनी हे शिकवण्याआधीच काही घरच्यांनी एकमेकांना शोधायला सुरुवात केली होती. १९७० मध्ये जॉन प्रिंगल या गृहस्थाचा, मुलाच्या आजाराविषयीचा लेख लंडनच्या 'टाइम्स'मध्ये छापून आला. आपल्यासारखीच अवस्था असलेल्या कुटुंबांचा प्रतिसाद आला आणि त्यातून 'नॅशनल स्किझोफ्रेनिया फेलोशिप' उभी राहिली. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या मॅडिसन शहरात १९७७ मध्ये हॅरिएट शेट्लर आणि बेव्हर्ली यंग या दोन आया एकत्र जेवायला बसल्या. दोघींचेही मुलगे आजारी होते. १९७९ मध्ये त्याच शहरात देशभरच्या कुटुंबांची परिषद भरली आणि 'नामी' ही संघटना जन्मली. कॅनडातही १९७९ मध्येच ओकव्हिल येथे पालकांची संघटना सुरू झाली. पुढे १९९१ मध्ये जॉइस बर्लंड यांनी बारा आठवड्यांचा एक वर्ग आखला. त्यात शिकणारेही घरचे आणि शिकवणारेही घरचेच.

९/
आता मराठी माणसाकडे. जगन्नाथ वाणी हे मूळचे धुळ्याचे. संख्याशास्त्र आणि विमागणित हे त्यांचे विषय. उच्च शिक्षणासाठी ते कॅनडात गेले आणि पुढे कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांच्या पत्नी कमलिनी यांना स्किझोफ्रेनिया झाला. परका देश, जवळ सासर ना माहेर, घरात मुले, आणि आजाराचे नावही नीट उच्चारता येऊ नये असे. मराठीत त्याला 'छिन्नमनस्कता' म्हणतात. ऑयगेन ब्लॉयलरने १९०८ मध्ये घडवलेल्या ग्रीक शब्दाचे हे शब्दशः भाषांतर, आणि मुळाइतकेच फसवे : ऐकणाऱ्याला वाटते की एका देहात दोन माणसे राहतात. या आजारात तसे काही नसते.

१०/
याच काळात भारतीय कायदा या आजाराकडे कसा पाहत होता, हेही नोंदवण्याजोगे आहे. १९७६ मध्ये हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली. घटस्फोटाच्या कारणांतील 'मानसिक विकार' या शब्दाची व्याख्या करताना संसदेने त्यात स्किझोफ्रेनियाचा नावाने उल्लेख केला. पुढे १९८८ मध्ये राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की नुसते निदान पुरेसे नाही. आजार किती तीव्र आहे, सहजीवन खरोखर अशक्य आहे काय, हे सिद्ध झाले पाहिजे. म्हणजे त्या पिढीतील असंख्य बायकांच्या बाबतीत डॉक्टरच्या चिठ्ठीवरील एक शब्द थेट माहेरी परत धाडण्याचा परवाना ठरू शकत होता.

११/
वाणी यांनी कॅनडात घरच्यांच्या संघटनांचे काम जवळून पाहिले, त्यात भाग घेतला. १९९७ मध्ये त्यांनी पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' स्थापन केली. लोक तिला 'सा' या आद्याक्षरी नावाने ओळखतात. संस्थेच्या कामाचा कणा म्हणजे स्वमदत गट. खुर्च्या गोलाकार मांडलेल्या, टेबलाच्या पलीकडे कोणी तज्ज्ञ नाही, बोललेच पाहिजे अशी सक्ती नाही. नव्याने आलेली आई बहुधा पहिल्या सभेत काहीच बोलत नाही. ती फक्त ऐकते की आणखी एका घरात मुलगा जेवणात विष कालवले आहे असे म्हणतो, आणि त्या घरातली माणसे त्यावर वाद घालत नाहीत, आपणही त्याच ताटात जेवायला बसतात. असली युक्ती पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही.

१२/
पुढे धायरीला संस्थेचे पुनर्वसन केंद्र उभे राहिले. त्या वास्तूचे नाव 'कमलिनी कृती'. संस्थेचे अध्यक्षपद दीर्घकाळ सांभाळणारे अमृत बक्षी हेही स्वतः एका रुग्णाचे वडील. वाणी यांना कॅनडाने 'ऑर्डर ऑफ कॅनडा' हा नागरी सन्मान दिला. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. विमागणिताचा प्राध्यापक म्हणजे जोखीम मोजणारा माणूस. घरात आलेल्या जोखमीचा भार अनेकांनी वाटून घ्यावा, ही कल्पना त्याला सुचली, यात नवल नाही.

१३/
वाणी यांना कळले होते की सभेला येणारा माणूस हा आधीच अर्धा रस्ता चालून आलेला असतो. न येणाऱ्याचे काय? म्हणून चित्रपट. 'देवराई' (२००४) हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट, निर्मितीमागे वाणी. अतुल कुलकर्णीचा शेष आजारी आहे आणि सोनाली कुलकर्णीची सीना त्याची बहीण. कोकणातल्या देवराईत अडकलेले त्याचे मन, त्याला आपल्या शहरातल्या घरी घेऊन आलेली बहीण, त्या घरातला ताण. डॉक्टरच्या भूमिकेत मोहन आगाशे, जे प्रत्यक्षातही मनोविकारतज्ज्ञ. या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पर्यावरण संवर्धनाच्या गटात! देवराई दिसली, शेष दिसला नाही, असे कोणी म्हटले तर ते अगदीच अन्यायाचे होणार नाही. पण सीनाच्या चेहऱ्यावरची दमणूक ज्यांना ओळखायची होती त्यांनी ती ओळखली. आजारी माणसाइतकीच जागा त्याला सांभाळणाऱ्याला देणारे मराठी चित्रपट तोवर फारसे नव्हते.

१४/
महाराष्ट्रातील आधारगटांत याच सुमारास दोन शब्द रुळले. रुग्णासाठी 'शुभार्थी', त्याची काळजी घेणाऱ्यासाठी 'शुभंकर'. आज पार्किन्सनपासून व्यसनमुक्तीपर्यंत अनेक गट ते वापरतात. 'शुभंकर' हा शब्द क्रीडास्पर्धेच्या बोधचिन्हातील प्राण्यासाठीही वापरला जातो, त्यामुळे नवख्याला थोडी गंमत वाटते. तरी निवड विचारपूर्वक आहे. १९१२ च्या कायद्यातील 'अर्जदार' आणि हा 'शुभंकर' हे एकाच माणसाचे वर्णन करतात. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या 'आयपीएच' या संस्थेनेही घरच्यांच्या आधारगटांची ही रीत जोपासली. त्याआधी, १९८६ मध्ये, पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या 'मुक्तांगण'मध्ये व्यसनी माणसाच्या बायकोला उपचाराचा भाग मानले गेले होते. म्हणजे जमीन नांगरलेली होती.

१५/
मात्र ही गोष्ट केवळ शुभंकरांच्या बाजूने सांगितली तर ती अर्धीच राहील. त्याच पुण्यात १९९९ मध्ये भार्गवी दावर यांनी 'बापू ट्रस्ट' स्थापन केला. बापू हे त्यांच्या आईचे नाव. आईला मनोरुग्णालयात डांबले गेले, ते लेकीने लहानपणी पाहिले होते. दावर यांचा प्रश्न बोचरा होता : कुटुंब नेहमी शुभच करते काय? बाईला वेडी ठरवण्यात सासरचा, मालमत्तेचा, अब्रूचा हिशेब नसतो काय? काळजी आणि सक्ती यांच्यातील रेघ कोण आखणार, आणि त्यात आजारी म्हटल्या गेलेल्या माणसाचे मत कुठे? दावर यांचे २०२४ मध्ये निधन झाले. त्यांचा प्रश्न अजून खुला आहे.

१६/
दोन्ही संस्था एकाच शहरात, एकाच दशकात, आणि दोन्हींच्या मुळाशी एका घरातील एक स्त्री. एका ठिकाणी नवरा बोलतो, दुसऱ्या ठिकाणी मुलगी. महाराष्ट्राच्या मानसिक आरोग्याच्या इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा मतभेद आहे आणि तो मिटवून टाकण्याची घाई करू नये. रात्री दोन वाजता हिंसक झालेल्या मुलाला आवरणाऱ्या बापाला 'सक्ती' या शब्दावरचे व्याख्यान ऐकवणे क्रूर आहे. आणि खोटा अर्ज करून बायकोला इस्पितळात टाकणाऱ्या नवऱ्यालाही 'शुभंकर' म्हणावे लागेल, तर त्या शब्दाचे मोल काय उरले?

१७/
६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली. साखळदंडाने बांधलेले २८ रुग्ण मृत्युमुखी पडले. त्यांना तिथे आणणारे बहुतांशी त्यांचे घरचेच होते. या घटनेचा वापर दोन्ही बाजूंनी झाला. एका बाजूने म्हटले : बघा, घरचे काय करतात. दुसरी म्हणाली : बघा, जवळ उपचार नाही, सल्ला नाही, कोणी विचारणारे नाही, तेव्हा घरचे कुठे जातात.

१८/
२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, या वादातूनच घडला. त्याने रुग्णाला दोन नवे हक्क दिले : बरे असताना आपल्या उपचारांविषयी आगाऊ सूचना लिहून ठेवण्याचा, आणि आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' स्वतः निवडण्याचा. रुग्णाने कोणाला नेमले नसेल तर कायदा क्रम लावून देतो : आधी नातलग, मग काळजी घेणारी व्यक्ती. बारकावा असा की निवड आधी रुग्णाची आणि नाते त्यानंतर. कित्येक शुभंकरांना हे खुपले : वीस वर्षे आम्ही सांभाळले आणि आता आमचा शब्द दुय्यम? भावना समजण्यासारखी आहे. पण १९१२ पासून आजारी माणसाचा शब्द मोजलाच गेला नव्हता, हेही तितकेच खरे.

१९/
परत विदर्भाकडे वळताना एक जुना गैरसमज बाजूला सारायला हवा. १९८० च्या दशकात डॉ. एन. एन. विग, लेफ आणि सहकाऱ्यांनी चंदीगडच्या कुटुंबांचा अभ्यास केला. लंडनच्या मानाने तिथे टीका आणि अतिगुंतवणूक बरीच कमी आढळली. यावरून एक सोयीस्कर समजूत रूढ झाली : आपल्याकडे एकत्र कुटुंब आहे, आपल्याला आधारगटांची काय गरज! ज्यांनी घुग्घुससारखे गाव पाहिले आहे त्यांना या समजुतीतील भोक लगेच दिसते. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये नागपूर मुख्यालय असलेली 'वेस्टर्न कोलफिल्ड्स' स्थापन झाली. खाणी, सिमेंट, लोखंड यांच्या मागे तेलंगणातून, छत्तीसगडातून, उत्तर प्रदेश-बिहारातून माणसे आली आणि क्वार्टरमध्ये, चाळीत राहू लागली. दोन खोल्या, तीन पाळ्या, आजी-आजोबा शेकडो कोसांवर. रात्रपाळीला गेलेल्या माणसाच्या घरी आजारी भावाजवळ एकटी वहिनी. वाणी कॅलगरीत ज्या एकटेपणात होते त्याची ही स्वस्त आवृत्ती.

२०/
असा आधार शहराबाहेर नेता येतो काय, याची तपासणी झाली आहे, आणि तिचा एक भाग महाराष्ट्रातलाच. 'कोप्सी' नावाची चाचणी गोवा, सातारा आणि तमिळनाडूतील कांचीपुरम येथे झाली. निष्कर्ष २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. सातारचे काम 'परिवर्तन' या संस्थेकडे होते. स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ जणांपैकी काहींना नेहमीचे उपचार मिळाले, तर काहींना त्यासोबत गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या घरभेटी. डॉक्टर नव्हे, परिचारिका नव्हे. साधी शिकलेली स्थानिक माणसे. ती घरच्यांना आजार समजावून सांगत, औषधाचे वेळापत्रक लावून देत, चारचौघांत वावरायला मदत करत. वर्षभरानंतर घरभेटींच्या गटाची स्थिती अधिक चांगली होती. फरक प्रचंड नव्हता, माफक होता. आणि तो सर्वाधिक ठळक दिसला कांचीपुरमच्या ग्रामीण भागात, म्हणजे जिथे त्याआधी जवळपास काहीच नव्हते तिथे.

२१/
१० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ ही 'टेलि-मानस'ची विनामूल्य दूरध्वनी सेवा दिवसरात्र चालते. आजारी माणसाइतकाच त्याचा नातलगही तिथे बोलू शकतो. मराठीत, हिंदीत आणि तेलुगूतही. घुग्घुसच्या चाळीत ऐकू येणाऱ्या या तीन भाषा.